बिनआवाजाचं रीळ

अंजूचे डोळे मिटत आले होते. सीमाच्या हातातली पाळण्याची दोरी आपसूक मंद होत चालली होती, आणि आता ही झोपली की आधी घोटभर ताक प्यायचं, मग जरा पाठ टेकायची, असं मनातल्या मनात चाललं होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळली आणि तिच्या टपावरचा भोंगा खाकरला. "आ गई, आ गई, आ गई! हिंगोली के शौकीनों, छे साल के इंतजार के बाद आपके शहर में... कानवाली, भाग दो! जुम्मे से रोज चार खेल! सिर्फ बालिगों के लिए! बच्चे और कमजोर दिलवाले तकलीफ न करें!" अंजू दचकली, तिचे ओठ थरथरले आणि तिने टाहो फोडला. एरवी सीमाने दारात जाऊन त्या रिक्षावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आज तिच्या हातून दोरीच सुटली. लेकरू रडतंय हे कळत होतं, पण ते कुणा दुसऱ्याच्या घरात रडत असावं असं. या घरात, भर एप्रिलच्या दुपारी, जणू कुणीतरी तिला तिच्या जुन्या नावाने हाक मारली होती, आणि ओ द्यायला तिच्याकडे तोंड नव्हतं.

"काहून रडून राहिली गं पोरगी?" सासूबाई माजघरातून आल्या. भागाबाईंचा पदर कुरडयांच्या चिकाने माखलेला होता आणि त्यांच्यामागोमाग शेजारच्या निर्मलाबाई, हातात साचा घेऊन. "कोन मेला वरडला इतका?"

"पिच्चरची रिक्षा होती, आत्याबाई," सीमा म्हणाली. तिने अंजूला उचलून खांद्यावर घेतलं. खांद्याला तोंड लागताच अंजूचा सूर खाली आला.

"तसला हाय म्हने त्यो," निर्मलाबाई साचा पुसत म्हणाल्या. "भिंतीवर कागद लावलाय डेपोपाशी. गोल अ हाय त्याच्यावर. टाकीजवाला पुनमचंदशेठ असल्या खेळाला बायांचा जनाना बंद ठिवतो."

"शिव शिव," भागाबाई म्हणाल्या. "आन वरडतो मातर लेकराबाळाच्या घरापुढं."

तसला नाहीये तो, असं सीमाच्या जिभेवर आलं होतं. पण तसला नाही म्हणजे कसला, हे सांगायचं तर नांदेडपासून सुरुवात करावी लागली असती, आणि इकडे चीक आळत चालला होता. ती अंजूला थोपटत राहिली. गप्प राहणं तिला आता चांगलं जमायला लागलं होतं.

पहिली कानवाली तिने नांदेडात पाहिली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना. गावाहून वारंगा फाट्यापर्यंत बाप सायकलवर सोडायचा, तिथून एस.टी. पकडून नांदेड, आणि नांदेडात मुलींचं वसतिगृह, जिथे खिडक्यांच्या काचांना बाहेरून हिरवा रंग फासलेला होता. खोलीतली जोडीदारीण प्रतिक्षा. ती मूळची वसमतची, बेधडक, आणि तिच्या बेधडकपणाचा सीमाला जेवढा हेवा वाटायचा तेवढीच भीतीही. तीच म्हणाली, चल गं, इंग्रजी पिच्चर आहे, हिंदीत केलाय, बाईच हिरो आहे. दोघी दुपारच्या खेळाला गेल्या, ओढण्या डोक्यावरून घेऊन, कारण तिथेही पोस्टरवर तो गोल अ होताच. आत मात्र काही तसलं नव्हतं. कुठल्याशा परक्या शहरातली टेलिफोन एक्स्चेंजमधली एक बाई, व्हेरा तिचं नाव. वीज पडते, आणि तेव्हापासून तिला शहरातलं एकूण एक रडणं ऐकू यायला लागतं. बंद घरातलं, तळघरातलं, उशीत तोंड खुपसून केलेलं. जिथून ऐकू येईल तिथे ती धावते. दारं तोडते, माणसांची हाडं मोडते, तिचीही मोडतात. रक्त भरपूर होतं. अ त्यासाठीच होता. मग एकदा दोन लेकरं एकाच वेळी रडतात, शहराच्या दोन टोकांना, आणि ती एकाच ठिकाणी पोचते. दुसरं रडणं हळूहळू बारीक होत जातं आणि थांबतं, आणि ते थांबणंही तिला ऐकू येतं. तेव्हा ती आरशासमोर उभी राहून अंबाड्यातला लांब काटा काढते आणि आधी उजव्या कानात, मग डाव्या. मानेवरून दोन ओघळ. पडदा काळा होतो. पाट्या वर सरकायला लागतात.

त्या रात्री दोघी झोपल्या नाहीत. "भित्री निघाली शेवटी," प्रतिक्षा म्हणत होती. "पळून गेली." सीमा म्हणत होती, "पळाली नाही. दमली." मग नुसतीच छताकडे बघत पडून राहिली आणि बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "पण तिला मग बरं वाटलं असेल का गं?" प्रतिक्षा तोवर घोरत होती. तो प्रश्न सीमाजवळच राहिला. परीक्षेत राहिला, पाहण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी पुढे करताना राहिला, हळद लागली त्या दिवशीही कुठेतरी होताच. सिनेमातलं सगळं विसरतं माणूस. तिचं उलट झालं होतं. नट्यांची नावं विसरली, गोष्टीचे सांधे विसरली, आणि तो काळा पडदा तेवढा आत लावलेला राहिला, घरातल्या एका खोलीला कायमचं दार लावून ठेवावं तसा.

लग्नानंतर ती हिंगोलीत आली. बजरंग नरसीच्या शाळेत मास्तर. रोज सकाळी फटफटीवर जायचा आणि दिवेलागणीच्या आत परत यायचा. माणूस मऊ. तिने एम.एस.सी.आय.टी.चा कोर्स करते म्हटलं तेव्हा त्याने एकदाही का म्हणून विचारलं नाही. क्लास स्टेशन रोडला, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर सात-आठ कॉम्प्युटर. तिथेच तिला इंटरनेटवरचं ते पान सापडलं, जिथे देशभरातली पोरं कानवालीविषयी भांडायची. दुसरा भाग येणार, येणार, दरवर्षी येणार. त्या पानावर सीमाने कानसेन असं नाव घेतलं, आणि सगळ्यांनी तिला बाप्या धरलं. कानसेन भाई, आपका क्या कहना है? कानसेन भाईला पुष्कळ म्हणायचं होतं. सातवा महिना लागलेला, पोट टेबलाच्या कडेला टेकलेलं, आणि आतलं लेकरू लाथा मारून कीबोर्ड हलवतंय अशा अवस्थेत तिने परक्या पोरांशी वाद घातले. तोवर परदेशात पाहून आलेल्या कुणीतरी बातमी फोडली होती की दुसऱ्या भागात एक अख्खं रीळ बिनआवाजाचं आहे. आणि इकडचे वितरक म्हणत होते की ते रीळ काढू, रक्त काढू, म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेता येईल, अ जाईल. पानावर दोन तट पडले. नागपूरचा एक जण कळवळून लिहायचा, कापू द्या ना यार, माझ्या धाकट्या भावाला दाखवायचाय, त्याने पहिल्याचं नुसतं पोस्टर पाहिलंय. एक बाई, बहुतेक बाईच, लिहायची की आम्ही लेकुरवाळ्यांनी काय करायचं? सीमाने तिला लिहिलं होतं: "एक मिलीमीटरही कापू नये. जिला पाहायचंय ती कशीही पाहील. कापलेलं पाहण्यापेक्षा न पाहिलेलं बरं." त्या वाक्याची खूप वाहवा झाली. भाईने बात बोल दी. तिचे कान तापले होते, इतक्या वर्षांत कुणी तिचं वाक्य असं उचलून धरलं नव्हतं. लेकरू अजून पोटात होतं, आणि पोटातल्या लेकराला कुठेही नेता येतं. तेव्हा बोलायला काय जात होतं!

मग अंजू झाली आणि क्लास, पान, कानसेन भाई सगळं एका फटक्यात मागे पडलं. जन्मल्यापासून पहिले तीन महिने अंजू रडली. पोटात दुखायचं, गुटी झाली, ओवा झाला, दृष्ट काढून झाली. पुढे ती रडायची थांबली, पण सीमाला ऐकू येणं थांबलं नाही. नळाला पाणी येताना नळ रडायचा. भाकरी थापताना परात रडायची. मोंढ्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या हळदीच्या ट्रॅक्टरचा ब्रेक लागला की ती पिठाच्या हातांनी पाळण्याकडे धावायची, आणि अंजू मूठ चोखत शांत पडलेली असायची. न्हाणीघरात तर अंगावर पाणी घ्यायची तिला चोरी झाली होती. पाण्याच्या आवाजात रडणं बुडून जाईल म्हणून ती तांब्या मध्येच थांबवून कान द्यायची. "येडी का काय तू," भागाबाई म्हणायच्या, "आमी काय लेकरं वाढवली न्हाईत?" सीमाला वाटायचं, यांना कसं सांगावं, मला आता एका लेकराचंच नाही, गल्लीतल्या सगळ्या लेकरांचं ऐकू येतं. आणि कधी कधी, अगदी कधी कधी, अंबाडा बांधताना काटा हातात यायचा आणि ती तो घाईघाईने केसांत खोचून टाकायची.

आता कानवाली गावात आली होती, आणि कानसेन भाईच्या तटाची जीत झाली होती. न कापलेली, अ वाली. कापली असती तर जनाना उघडा राहिला असता. पुनमचंदशेठच्या टाकीजला निजामाच्या काळापासून बायकांचा सज्जा होता, त्याला बोळातून वेगळा जिना. तिथे लेकरं, डबे, पानपेट्या सगळं चालायचं. निर्मलाबाईंनाच बरोबर घेऊन, अंजूला मांडीवर ठेवून, भिजवलेले हरभरे खात सीमाने सुखाने पाहिली असती. पण पुनमचंदशेठच्या लेखी गोल अ म्हणजे एकच गोष्ट. पोस्टरवर अ दिसला की तो जिन्याच्या दाराला कुलूप घालायचा. आत रक्त आहे की शृंगार, याची चौकशी करायची त्याला गरजच वाटत नसे. शुक्रवार आला आणि गेला. शनिवारी सीमाने भाजीत दोनदा मीठ घातलं.

"काय झालंय?" बजरंगने विचारलं. तो जेवता जेवता नुसतंच पाणी पीत होता.

तिने सांगितलं. सगळं नाही; वसतिगृह, काळा पडदा, वाट पाहणं, एवढंच. काटा नाही सांगितला. बजरंग ऐकताना शाळेत ऐकतो तसं मान कलती करून ऐकायचा. "मंग जाऊ की," तो म्हणाला. "माय बघंल अंजूला."

"जनाना बंद हाय."

"खाली बसू."

"तुमच्या शाळेतली पोरं बसलेली असतील खाली. गुर्जी बायकू घिऊन आले तसल्या पिच्चरला म्हणतील. आणि..." तिने पाळण्याकडे पाहिलं. आणि च्या पुढचं तिला बोलता आलं नाही. तीन तास. तीन तास अंधारात, जिथे बाहेरचं काही ऐकू येत नाही.

"असं करतो," बजरंग म्हणाला. "उद्या मी जातो. येतो आन तुला सांगतो. सगळी. शिनबाशिन."

आणि तो खरंच गेला. रविवारच्या दुपारच्या खेळाला, तोंडाला रुमाल बांधून, डाका घालायला निघाल्यासारखा. सीमाने ती दुपार कशी काढली ते तिलाच ठाऊक. कुरडया उलटताना तिचे हात गच्चीवर होते आणि बाकी सगळी ती टाकीजच्या भिंतीला कान लावून उभी होती. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचं म्हणजे उष्टं खाणं, पण सहा वर्षांची भूक असली की उष्ट्याचीही वाट पाहिली जाते. संध्याकाळी बजरंग आला, रुमाल सोडला, पाणी प्याला आणि गच्चीवर वाळवणाच्या कडेला बसून सांगायला लागला. मास्तर होता; सांगायला चांगला होता. हात करून, उभा राहून, एकदा तर कुरडयांवर पाय पडता पडता वाचला. व्हेरा बहिरी होऊन दूर एका बंदरावर मासे सोलायचं काम करते. तिथे तिला एक लेकरू होतं. जुने दुष्मन माग काढत येतात. मारामारी होते. "आन काय हानते गं ती! कान न्हाईत तरी पाठीमागून आलेला मानूस तिला कळतो." सीमा अंजूला भात भरवत होती. घास हातात तसाच राहिला होता. "मंग ते इमारत पेटवून देतात. लेकरू आत. ती आत शिरती. धूर. आन मंग... दवाखान्यात ती बसलेली, लेकरू मांडीवर. झालं. संपला."

"मधी?"

"मधी काय?"

"आत शिरली आणि दवाखान्यात आली. मधी काय झालं?"

बजरंगने मान खाजवली. "वाचलं की लेकरू."

सीमाच्या डोक्यात एकदम सगळं लख्ख झालं. यानेच कापलं. मऊ माणूस, बायको झोपत नाही, नळाच्या आवाजाला दचकते, तिला जळत्या घरातल्या लेकराचं काय सांगायचं, म्हणून याने वाटेतच, घरी येता येता, ते रीळ काढून ठेवलं. जगातल्या वितरकांना नाही जमलं ते याने मायेने केलं. तिला रडू आलं आणि संतापही आला, आणि दोन्ही एकाच वाटेने बाहेर पडलं. "तुमी कापलं," ती म्हणाली. "मला भ्या वाटंल म्हणून तुमी कापलं. सहा वर्षं वाट पाहिली मी, आन तुमी मला कापून आणून दिलं!"

"आगं देवाशप्पथ न्हाई!" बजरंग उठून उभाच राहिला. "मी काय कापीन? तितंच न्हाई ते. गेटवरचा सटवाजी सांगत व्हता, पहिल्या दिवशी त्या ठिकानी आवाजच गेला म्हने. अख्खं रीळ बिनआवाजाचं. पब्लिकनं खुर्च्या बडवल्या, शिव्या दिल्या, ऑपरेटरच्या खोलीला दगड हानले. दुसऱ्या खेळालाबी तसंच. तवा पुनमचंदनं ते रीळच काढून ठिवलं बाजूला. खराब निघालं म्हून."

अंजूने तिच्या हातातला भात ओढून घेतला. सीमा हसायला लागली, आणि तिचं हसणं बघून बजरंगला आधीच्या रडण्यापेक्षा जास्त धास्ती वाटली. म्हणजे परदेशातून, वितरकांच्या कात्रीतून, सेन्सॉरच्या टेबलावरून ते रीळ धडधाकट सुटलं, शेकडो कोस आलं, आणि हिंगोलीच्या टाकीजात येऊन, पिक्चरमध्ये काय आहे ते कुणाला न कळल्यामुळे, एका कपाटात पडलं. खराब! तिला ते रीळ दिसायला लागलं, पत्र्याच्या डब्यात गुंडाळलेलं, अंधारात, तोंड उघडून काहीतरी सांगत असलेलं आणि कुणालाच ऐकू न येणारं. "खराब न्हाई ते," ती म्हणाली. "तसंच हाय ते."

सोमवारी बजरंग शाळेतून आला तेव्हा ती साडी बदलून बसली होती. भागाबाई तांदूळ निवडत होत्या.

"आत्याबाई, मी टाकीजला चालले."

"कुटं?"

"टाकीजला. सहाच्या खेळाला."

भागाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "त्या तसल्याला?"

"माय, तसलं काय न्हाई त्याच्यात," बजरंग म्हणाला. "मी पाहून आलो."

"तू पाहून आला?" भागाबाईंनी डोळे वटारले. "मास्तर मानूस? आन मला म्हनला वर्गणीची मीटिंग हाय?" मग त्या सुनेकडे वळल्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. सीमाला वाटलं आता नको म्हणतील, आणि तिच्या आतला एक कोपरा त्या नको म्हणण्याची वाटही पाहत होता. नको म्हटलं की सुटका होती, घरात राहून ऐकत बसता आलं असतं. "दे इकडं लेकरू," भागाबाई म्हणाल्या. "आन रडली तर रडू दे घडीभर. या बजरंग्याला मी वाढवलंच की न्हाई, तुझ्या कानाबिगर?"

ती एकटीच निघाली. रस्त्यावर हळदीची धूळ होती. मोंढा सुटला होता, हमाल घरी परतत होते, नखांपासून कोपरापर्यंत पिवळे. दहा पावलांवर तिला अंजूचं रडणं ऐकू आलं. ती थांबली. ते एका सायकलचं चाक होतं. पुन्हा निघाली. देवळापाशी पुन्हा ऐकू आलं. टाकीजच्या दारात सटवाजी खुर्ची टाकून बसला होता. तिला पाहून तो उठलाच.

"ताई, अ हाय. बायांसाठी न्हाई."

"माहीत आहे," सीमा म्हणाली. "मीच मागितला होता."

सटवाजीला काही कळलं नाही. पण मास्तरीणबाई आहेत एवढं त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने तिला शेठच्या खोलीपर्यंत नेलं. पुनमचंदशेठ थकलेला, पंख्याखाली डोळे मिटून बसला होता. तिचं ऐकताना त्याने डोळे उघडले नाहीत. "पट्टी कोरी आहे बाई," तो म्हणाला. "मी स्वतः काच लावून पाहिलं. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते, ती कोरीच आहे. लॅबवाल्यांनी गडबड केली."

"कोरीच असायला पाहिजे शेठजी. ती बहिरी आहे. आत लेकरू रडतंय ते तिला ऐकू येत नाही. मग आपल्याला तरी का ऐकू यावं? त्यांनी मुद्दाम केलंय."

आता त्याने डोळे उघडले. "जानबूझ के?"

"हो."

तो खुर्चीत सरळ झाला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "बाप के जमाने से एक भी रीळ नव्हतं काढलं मी. तीन दिवस घास गोड नाही लागला." आणि लगेच व्यापाऱ्याच्या आवाजात, "पण पब्लिकला कोण समजावेल? पुन्हा दगड मारतील."

"लावा तर खरं. मी बसते आत."

"कुठं? जनान्याला कुलूप आहे."

"खालीच बसते."

तिला मधल्या रांगेत कडेची खुर्ची दिली. आत बिडीचा आणि हळदीचा वास होता. माना वळल्या, कुजबुज झाली, कुणीतरी खोकल्याचा आव आणला. तिच्या आजूबाजूच्या दोन-तीन खुर्च्या आपोआप रिकाम्या झाल्या, पाणी टाकल्यावर मुंग्या बाजूला होतात तशा. सीमाने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि समोर पाहत राहिली. अंधार झाला. व्हेरा आली. वय झालं होतं तिचं. तिच्या कानांपाशी पांढरे व्रण होते, आणि ते पाहताच सीमाला हुंदका आला, जुनी मैत्रीण बाजारात अचानक दिसावी आणि ती वाळलेली असावी तसा. बजरंगने सांगितलं ते सगळं बरोबर होतं. मासे, दुष्मन, मारामारी. पोरं शिट्ट्या मारत होती. मध्येच सीमाला रडणं ऐकू आलं आणि ती अर्धी उठली. ते पडद्यावरचं लेकरू होतं. ती बसली. मग इमारत पेटली, व्हेरा आत शिरली, आणि सगळा आवाज एकदम, भांड्यावर झाकण पडावं तसा, बंद झाला.

एक क्षणच. मग मागून, "आवाज! ए आवाज!" शिट्ट्या. खुर्च्या धडाधड बडवायला लागल्या. "ए पुनमचंद, पैशे परत दे बे!" एक शिवी, मग तिच्यावर चढती दुसरी. पडद्यावर धुरात एक बाई चाचपडत होती आणि तिचं काहीच दिसेना, समोर उभ्या राहिलेल्या माणसांची डोकी दिसत होती. हे होतं ते, सहा वर्षं वाट पाहिलेलं. सीमाने दोन्ही हात कानांवर नेले, आणि नेता नेता थांबवले, मांडीवर ठेवले. नाही. आज नाही. पण तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही.

"ए, गप बसा बे!" मागच्या रांगेतून एक भसाडा आवाज आला. कुणी हमाल असावा. उजेडात त्याचे उगारलेले पिवळे हात दिसत होते. "बाईमानूस बसलंय म्होरं! दिसत न्हाई का? आयाभैनीवरून काहाला बोलून राहिले?"

"कुटं रे?"

"त्ये काय. मधी. रडून राहिली ती."

माना पुन्हा वळल्या. शिवी देणाऱ्याने जीभ चावली असावी. बडवणं एकेका रांगेतून थांबत गेलं, उभे असलेले बसले, कुणीतरी कुणाला कोपर मारलं. पिक्चर कुणालाच कळला नव्हता. बाई रडतेय, तिच्यासमोर गोंगाट करू नये, एवढंच त्यांना कळलं होतं, आणि तेवढ्यावर ती सगळी टाकीज गप्प झाली. पंखेसुद्धा फिरायचे थांबलेत असं वाटण्याइतकी गप्प.

व्हेरा धुरात गुडघ्यांवर होती. तिने हाक मारली. ओठ हलले फक्त. तिला आपलीच हाक ऐकू येत नव्हती, आणि लेकरू कुठून रडतंय तेही. ती जमिनीला तळवे लावून थांबायची, मग पुढे सरकायची, मग भिंतीला लावायची, आंधळं माणूस चेहरा चाचपतं तशी ती ते घर चाचपत होती. एका फळीवर तिचा हात थांबला. तिने फळी उखडली, नखं निघून आली, रक्त. खाली लेकरू. त्याचं तोंड केवढं उघडं होतं, आणि आवाज नव्हता, कुठेच नव्हता, ना तिथे, ना इथे. व्हेराने आपला फाटका तळवा त्याच्या छातीवर ठेवला आणि ते रडणं तिला हाताला लागलं. तिचा चेहरा तेव्हा कसा झाला हे बजरंगला कधीच सांगता आलं नसतं, पाहिलं असतं तरी. ती तशीच बसून राहिली, हाताने ऐकत.

सीमाच्या शेजारच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. ती हललीही नाही. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की मघापासून तिला काहीच ऐकू आलेलं नाही. अंजू नाही, नळ नाही, कुणीच नाही. ते ऐकू येणं परत बोलवावं असं एकदा मनात आलं. तिने बोलवलं नाही.